बैलाचा गुडघा व आपले मनगट

पोळ्याच्या दिवशी बैलांचे पाय आपण सर्वच धुतो; परंतु पुढच्या पायातील ज्या सांध्यास आपण गुडघा म्हणतो, ते वस्तुतः त्याचे मनगट होय, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्याचे कोपर वर छातीपाशी असते. आपल्या हातास कोपरापर्यंत एक हाड, पुढे मनगटापर्यंत दोन, मनगटात लहान हाडांचा पुंजका, मग तळहात व बोटे. हाच क्रम बैलाच्या पायात आहे. मनगटाखालची नळी म्हणजे तळहाताची तिसरी व चौथी हाडे एकजीव झालेली. सांगाड्यातील नळीवर मधोमध उभी खाच दिसते, आणि गर्भातील वासरात ही हाडे प्रथम निरनिराळीच असतात. तेव्हा बैल मधले बोट व अनामिका यांच्या नखांवर उभा असतो. म्हणूनच नालबंदास एकेका पायास दोन पत्र्या ठोकाव्या लागतात. घोडा मधल्या एकाच बोटावर चालतो, त्यास नाल एक पुरते. बैलाच्या खुरामागे लोंबणारी दोन लहान खुरे ही तर्जनी व करंगळी.

वटवाघळाच्या पंखातही हाच क्रम. लांबलेल्या बोटांवर कातडे ताणलेले. टोळही उडतो, पण त्याच्या पंखात हाडच नाही. कामाचे साम्य निराळे, रचनेचे निराळे. रिचर्ड ओवेन या इंग्रज पंडिताने १८४३ साली हा भेद स्पष्ट मांडला. मात्र साम्याचे कारण त्याने एका आदर्श आराखड्यात शोधिले. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात सरळ सांगितले की, या सर्वांचा पूर्वज एक.

आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. दोन नकलांत एकाच ठिकाणी एकच चूक आढळली, म्हणजे त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या हे ओळखण्यास साक्षीदार लागत नसे. कामास फारशी न येणारी ती लहान खुरे अशीच आहेत. घोड्याच्या नळीलगतच्या दोन बारीक काड्या तर त्याहून बोलक्या.

“मग आम्ही बैलाची संतती काय?” असे पारावर एका गृहस्थांनी रागाने विचारिले. तसे नव्हे, ही चुलत घराणी. मूळ पुरुष कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, तो बैल नव्हता आणि माणूसही नव्हता.

दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, हे आम्हांस रुचले नाही. आपल्या मुलांस पुस्तकावाचूनही हा धडा गोठ्यात मिळेल. पुढच्या पोळ्यास मुलाचे मनगट बैलाच्या त्या सांध्याशेजारी धरावे, आणि बोटे मोजावयास सांगावे.