नाताळचे टपाल का रेंगाळते?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की टपालाच्या थैल्या जड होऊ लागतात. जालन्याला नाताळ नवा नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली होती. शुभेच्छापत्रे आता रोडावली असली तरी पार्सलांची भर पडली आहे. त्याच थैलीतून एखाद्या तरुणाचे मुलाखतीचे बोलावणेही येत असते आणि ते एक दिवस उशिरा पोहोचणे म्हणजे न पोहोचण्यासारखेच होय.

गर्दीवर आणि २५ डिसेंबरच्या सुटीवर पत्र पाठविणाऱ्याचा इलाज नाही. पत्ता मात्र सर्वस्वी त्याच्या हाती असतो. टपालाची छाननी मुख्यतः पिन क्रमांकावरून होते. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक. सहा आकड्यांपैकी पहिले तीन टपाल कोणत्या छाननी क्षेत्रात जावयाचे ते सांगतात, तर अखेरचे तीन बटवडा करणारे डाकघर दर्शवितात.

जालना जिल्हा मात्र १ मे १९८१ रोजी, म्हणजे पिननंतर सुमारे नऊ वर्षांनी अस्तित्वात आला. साहजिकच त्याचे क्रमांक एका साच्यातील नाहीत. जालना शहर ४३१२०३, अंबड ४३१२०४. परंतु भोकरदन ४३१११४ आणि पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले परतूर ४३१५०१. ‘जि. जालना’ लिहून अंदाजाने शहराचाच पिन टाकला की परतूरचे पत्र आधी जालन्याची वाट धरते.

दुसरा घोटाळा ‘मु. पो.’ या अक्षरांचा. ‘मु.’ म्हणजे मुक्कामाचे गाव, ‘पो.’ म्हणजे जेथून बटवडा होतो ते डाकघर. कित्येक खेड्यांत डाकघर नाही. तरीही सवयीने दोन्ही अक्षरे जोडून आपल्याच गावाचे नाव लिहिले जाते. शाखा डाकघराला सहसा वरच्या डाकघराचाच पिन लागू असतो, त्यामुळे एका क्रमांकाखाली अनेक गावे येतात. त्यांत बुद्रुक की खुर्द हे गाळले गेले तर ग्रामीण डाक सेवकाला चौकशी करीत फिरावे लागते. एरवी असे पत्र लवकर मार्गी लागते; नाताळाच्या गर्दीत ते बाजूला पडते.

गावाचे पूर्ण नाव, बटवड्याचे डाकघर व पिन ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगविण्यास फारसा खर्च येत नाही. शाळेत पत्रलेखन शिकविताना हाच पत्ता विद्यार्थ्यांकडून लिहवून घेता येईल. नोकरीचे अर्ज पुढे तीच मुले भरणार आहेत.