वाऱ्याचा हिशोब

तेरचे नाव निघाले की आधी गोरोबाकाका आठवतात आणि मग तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या तगर नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे गाव. येथील कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि मोसमी वाऱ्यांवर शिडे उभारून ये-जा करणाऱ्या गलबतांतून पुढे समुद्रापार. म्हणजे वाऱ्याच्या जोरावर तेरने दोन हजार वर्षांपूर्वीच पैसा मिळवला होता.

तोच वारा आता दुसऱ्या रूपाने या मुलखात कमाई करू लागला आहे. १९८६ साली देशातील पहिल्या पवनचक्क्या रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन येथे समुद्रकाठी उभ्या राहिल्या, त्या अवघ्या ५५ किलोवॅटच्या होत्या. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर त्यांची रांग लागली. आज धाराशिव आणि बीड जिल्ह्यांच्या पठारी भागात दोन-दोन हजार किलोवॅटची आणि त्याहून मोठी यंत्रे दिसतात. शेताच्या बांधावर मोजणीची माणसे येतात, करारनाम्याचे कागद पुढे होतात आणि 'दोन मेगावॅट' हा शब्द कानावर पडतो. त्या शब्दाचा अर्थ घराघरांत समजायला हवा.

आधी यंत्र पाहू. पवनचक्कीचे पाते विमानाच्या पंखासारखे घडवलेले असते. वारा त्यावरून वाहताना पात्याला एका बाजूस उचल मिळते आणि चाक फिरू लागते. लांबून ते अगदी आळसावल्यासारखे वाटते. पण चाकाचा व्यास १०० मीटर असेल आणि ते मिनिटाला १२ फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावत असते. बहुतेक यंत्रांत ही संथ गती दातेरी चाकांच्या पेटीतून शंभरेक पटींनी वाढवून जनित्राला दिली जाते. तांब्याच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरला की तारेत वीज निर्माण होते, हा मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेला नियम येथे कामाला येतो. पुढे रोहित्र विजेचा दाब वाढवते आणि ती वाहिनीवर जाते.

आता हिशोब. वाऱ्यातील शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पाती फिरताना व्यापतात ते वर्तुळ आणि वाऱ्याचा वेग. घनतेची निमपट, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांचा गुणाकार केला की उत्तर वॅटमध्ये मिळते. वेगाचा घनच का? वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा येते आणि तिच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. दोन चोक आठ. पण सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यामागेच थबकेल आणि नव्या हवेला वाट उरणार नाही. म्हणून ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. प्रत्यक्षात आपण ४० टक्के धरू.

आपल्या उष्ण पठारावर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो. व्यास १०० मीटर, म्हणून क्षेत्रफळ ७,८५० चौरस मीटर. वारा सेकंदाला ६ मीटर असेल तर शक्ती सुमारे ९३३ किलोवॅट आणि हाती येणारी वीज ३७३ किलोवॅट. वारा ३ मीटरवर आला तर हीच वीज ४७ किलोवॅटवर घसरते. ८ मीटर झाला तर ८८४ वर जाते. 'दोन मेगावॅट' ही यंत्राची कमाल मर्यादा आहे. तिथवर पोहोचायला चांगला जोराचा वारा लागतो. त्याहून वारा वाढला तर पाती वळवून यंत्र स्वतःला आवरते आणि वादळात ते थांबते.

येथे सरासरीचा एक चकवा आहे. समजा, एक तास ४ मीटरचा वारा वाहिला आणि एक तास ८ मीटरचा. सरासरी ६. सलग ६ मीटरने दोन तासांत ७४६ युनिट मिळाली असती. प्रत्यक्षात ११० आणि ८८४, म्हणजे ९९४ मिळतात. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. बचत खात्यावर पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे; १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. पैसे तेच, पण हिशोबाची रीत बदलली की रक्कम बदलते. वाऱ्याचे खातेही तासातासाने लिहावे लागते.

दोन हजार किलोवॅटचे यंत्र वर्षभर, ८,७६० तास, पूर्ण क्षमतेने चालले तर एक कोटी ७५ लाख २० हजार युनिट होतील. तसे कधीच घडत नाही. पाव क्षमता धरली तर ४३ लाख ८० हजार युनिट होतात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या ३,६५० घरांची ही वर्षाची वीज आहे. मात्र तिचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरात तयार होतो आणि रब्बीच्या पाण्याला विजेची गरज त्यानंतर लागते. शिवाय ही वीज सरळ वाहिनीवर जाते. बांधावर पवनचक्की आहे म्हणून आपल्या मोटारीला वीज मिळेल, असे नाही.

तेरमध्ये संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवले आणि गोरोबांनी एकेकाचे डोके थापटून पाहिले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. मडके पक्के की कच्चे, ते आवाजावरून ओळखायचे. करारनाम्यातला आकडाही तसाच थापटून पाहावा. पात्यांचा व्यास किती? त्या उंचीवर महिन्यागणिक वारा किती मोजला? वर्षाला युनिट किती धरली? भाडे ठरीव आहे की उत्पन्नाशी बांधलेले, आणि किती वर्षांसाठी? सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांनी, घरातल्या बायकांनीसुद्धा, एकत्र बसून ही उत्तरे मागावीत. गुणाकार दहावीतली मुलगी करून देईल. सही त्यानंतर करावी.