दंड शंभर पौंडांचा, हिशेब पाच वर्षांचा

"आई, प्लीज, मागच्या सीटवरून गाडी चालवू नकोस!"

लेकीचं हे वाक्य गेल्या वर्षी लेस्टरच्या मुक्कामात मी रोज एकदा तरी ऐकलं असेल. सवयच आहे मला तशी. इथे पुण्यात ह्यांच्या शेजारी बसूनही माझा उजवा पाय सारखा ब्रेक शोधत असतो. पण त्या संध्याकाळी मी ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. म्हणजे तोंडानं!

नातवाला पाळणाघरातून आणायची वेळ टळत होती. उशीर झाला की तिथे जादा पैसे लावतात. मी म्हटलं, "अगं, रस्ता मोकळा आहे, जरा दाब की!" तिनं दाबलं. आम्ही वेळेत पोहोचलो, मी खूश.

दहाएक दिवसांनी घरी पाकीट आलं. गाडी जावयांच्या नावावर, म्हणून पाकीटही त्यांच्याच नावानं. मर्यादा ताशी ३० मैलांची आणि कॅमेऱ्यात गाडी ३७ मैलांनी टिपलेली. आपल्या भाषेत ४८ किलोमीटरच्या जागी साठ. मला हसूच आलं. साठनं तर आमच्याकडे टमटमसुद्धा पळते! लेक मात्र हसली नाही.

गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत लेखी कळवा, असं त्या पत्रात होतं. मी लगेच तोडगा काढला. "जावयांचं लायसन्स कोरं आहे ना? मग त्यांचंच नाव टाका. घरातल्या घरात काय बिघडतं?"

दोघंही माझ्याकडे बघतच राहिली. मग जावयांनी शांतपणे ख्रिस ह्यून यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ ब्रिटनचे मंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगात सापडली, तेव्हा लायसन्स वाचवायला त्यांचे पॉइंट पत्नीनं, विकी प्राइस यांनी, स्वतःवर घेतले. पुढे संसार मोडला, प्रकरण बाहेर आलं आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्या बाई नावाजलेल्या अर्थतज्ज्ञ. नवऱ्याच्या दबावाखाली केलं, हा त्यांचा बचाव कोर्टात टिकला नाही. दुसऱ्याच वर्षी तो बचावच कायद्यातून काढून टाकण्यात आला. मी गप्प झाले. नवऱ्याचं झाकायचं, हे बाळकडू फक्त आपल्याच बायकांना मिळतं असं नाही तर!

लेकीनं स्वतःचं नाव कळवलं. तिथे अशा किरकोळ चुकीसाठी पहिल्यांदा एका वर्गाला बसायची मुभा मिळते. फी भरायची, काही तास ऐकून घ्यायचं, पॉइंट टळतात. पण तीन वर्षांत तो वर्ग पुन्हा मिळत नाही आणि ही बया दोन वर्षांपूर्वीच तिथे बसून आली होती. त्यामुळे १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. तीन वर्षांत असे बारा जमले की लायसन्स जाण्याची वेळ येते.

"भरले ना शंभर पौंड? सुटलो!" मी म्हटलं.

"नाही गं आई. खरं बिल पुढेच आहे."

महिन्याभरातच गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं. तिथे विमा उतरवताना चालक म्हणून ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांबद्दल प्रश्न असतात. वय काय, राहता कुठे, धंदा कोणता आणि गेल्या पाच वर्षांत वाहतुकीचा काही गुन्हा? प्रत्येक गुन्ह्याला सांकेतिक नाव. हिचा 'एसपी ३०', म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडली. पॉइंट लायसन्सवर चारच वर्षं दिसतात, पण विमा कंपन्या बहुतेक पाच वर्षांचं विचारतात. लायसन्स कोरं झालं म्हणून "काही नाही" लिहून मोकळे होणारे इथेच फसतात.

मीही तेच सुचवलं. "नाही लिही. त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

स्वप्नाची गरजच नव्हती. लायसन्सचा नंबर दिला की सरकारी नोंद कंपनीला तपासता येते. समजा नाही तपासली आणि पुढे अपघात झाला, तर तेव्हा कागद बाहेर निघतात. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर कंपनी पॉलिसीच रद्दबातल धरू शकते. विमा एकदा असा रद्द झाला की पुढच्या कंपन्या तेही विचारतात.

तिनं खरं लिहिलं. आधीच्याच कंपनीनं सत्तरेक पौंड जास्त सांगितले, मग चार ठिकाणी विचारून तिनं त्यातल्या त्यात स्वस्त विमा घेतला. अपघाताची भरपाई न मागितल्याबद्दल जी सूट मिळते, ती पॉइंटमुळे जात नाही. मूळ दरच वाढतो. एका 'एसपी ३०'नं आभाळ कोसळत नाही. तेच पॉइंट सहा-नऊ झाले किंवा दारू पिऊन चालवल्याची नोंद असली, तर मात्र दर भडकतात आणि काही कंपन्या दारातूनच परत पाठवतात. शंभर पौंड एकदाच गेले, हे वरचे मात्र दरवर्षी थोडेथोडे जाणार. तेही माझ्या एका "दाब की"पायी!

मी चुटपुटत म्हटलं, "एवढ्याशा चुकीला पाच वर्षं?" त्यावर ती म्हणाली, "आई, विमा फक्त आपल्या गाडीसाठी नसतो. आपण ज्याला धडकू त्याच्यासाठीही असतो."

आणि मला एकदम आमच्या वस्तीतली एक ताई आठवली. बचत गटाच्या कामामुळे तिच्याकडे माझं जाणंयेणं. भरधाव मोटारसायकलनं तिच्या नवऱ्याला उडवलं, त्याला आता सहा वर्षं झाली. चालवणाऱ्या पोरानं विम्याचं नूतनीकरणच केलेलं नव्हतं. भरपाईचा दावा लागला, पण तो पोरगा देणार कुठून? ताई धुणीभांडी करून दोन मुलं शिकवतेय. कोर्टात तिच्याबरोबर बाकावर मी कितीतरी दुपारी बसले आहे. आणि तरी "नाही लिही" म्हणणारी मीच!

आपल्याकडे हिशेब वेगळा. आपला विमा बघतो तो गाडी. तिची किंमत, तिचं वय, तिचं इंजिन. पाच वर्षं भरपाई मागितली नाही, तर स्वतःच्या गाडीच्या विम्यावर 'नो क्लेम बोनस' २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो. चालकाच्या वेगाचं कौतुक ना खंत. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये सुचवलं होतं, की नियमभंगाचे गुण मोजून त्याप्रमाणे वेगळा प्रीमियम लावावा. दारू पिऊन चालवलं तर १०० गुण, चुकीचं पार्किंग केलं तर १०. सुरुवात दिल्लीत करून पाहावी, असंही त्यात होतं. पटण्यासारखं आहे. फक्त आपलं चलान गाडीच्या नंबरवर फाटतं. वेगानं जातो मुलगा आणि भुर्दंड बापाला, असं होऊ नये, एवढं मात्र बघावं लागेल.

परत आले तर ह्यांच्या मोबाइलवर एक्स्प्रेस वेचं चलान येऊन पडलेलं. वेगाचंच! "राहू दे गं, लोकअदालतीत कमी होतं," हे म्हणाले. मी म्हटलं, "आजच भरा. आणि कोण चालवत होतं, हेही घरात एकदा खरं सांगा." धाकट्यानं मान खाली घातली. त्या रात्री मी त्याला ताईची गोष्ट सांगितली. दंडाची नाही.

मागच्या सीटवरून गाडी मी अजूनही चालवते, मैत्रिणींनो. सवय का जाते? फक्त वाक्य बदललंय. "सावकाश जाऊ या रे, उशीर झाला तर झाला."