विश्लेषण : कॅम्पिंगसाठी पहिला चाकू घेताय? पाते किती लांब, पोलाद कोणते आणि मेळघाटात नेता येतो का?

दिवाळी सरली, रात्री गार झाल्या की वऱ्हाडात बाहेर मुक्काम करण्याचे बेत सुरू होतात. अमरावतीकर चिखलदऱ्याकडे वळतात, अकोलेकर अकोटमार्गे नरनाळ्याकडे. कुणी वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत तंबू ठोकतो, कुणी शेतात रोडग्यांचा बेत करतो. तंबू, चटई, डोक्याला बांधायचा दिवा या यादीत हल्ली आणखी एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे न दुमडणारा, म्यानातला चाकू. मोबाइलवरचे व्हिडीओ पाहून अनेक तरुण दहा इंची, पाठीवर करवतीचे दात असलेला काळा चाकू मागवतात. त्याने कांदा धड चिरला जात नाही, धार लावायला तो त्रास देतो आणि वर कायद्याच्या कचाट्यातही अडकवू शकतो. मग पहिला चाकू निवडताना नेमके काय पाहावे?

न दुमडणाराच का?

खिशात मावणारा दुमडता चाकू सोयीचा असतो. पण त्याचा सांधा हीच त्याची कमजोर जागा. त्यात माती, पीठ, संत्र्याचा रस जाऊन बसतो आणि जोर लावताना कुलूप सुटले तर पाते थेट बोटांवर मिटते. न दुमडणाऱ्या चाकूत हलणारा भागच नसतो. तो धुवायला सोपा, ओल्या हातातही भरवशाचा. मुक्कामावर भाजी चिरणे, दोरी कापणे, वाळलेली काडी तासणे ही कामे तो अधिक सुरक्षितपणे करतो. फक्त तो नेहमी म्यानात हवा आणि तो कुठे न्यायचा, याचे भान हवे.

पाते किती लांब, किती जाड?

नवशिक्यासाठी साधारण चार इंचांचे, म्हणजे ९ ते ११ सेंटिमीटरचे पाते पुरते. तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त, एवढाच हिशेब. यापेक्षा लांब पाते टोकाशी हाताच्या ताब्यात राहत नाही. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असावी. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे पाते दिसायला दमदार असते, पण ते भाजी कापण्याऐवजी पाचरीसारखे फाडते आणि दिवसभर कमरेला जड होते.

पात्याची पाठ सरळ किंवा टोकाकडे किंचित उतरती असावी. दोन्ही बाजूंना धार असलेला चाकू घेऊ नये. त्यावर अंगठा टेकवायला जागा नसते आणि त्याची घडणच भोसकण्यासाठी असते. दातेरी धार दोरीला बरी, पण ती साध्या दगडावर लावता येत नाही. सपाट, अखंड धारच पहिल्या चाकूला योग्य.

मुठीच्या आत काय आहे?

चाकू तुटतो तो बहुधा पात्यात नाही, तर पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे. म्हणून पात्याचे पोलाद मुठीत कुठवर गेले आहे, हे पाहावे. ते मुठीच्या शेवटापर्यंत, पूर्ण रुंदीने गेले असेल तर कडेने पोलादाची पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना मुठीच्या फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. ही रचना सर्वांत मजबूत. मात्र अरुंद पोलाद मुठीत घट्ट बसवलेले चाकूही वाईट नसतात. स्वीडनमधील मोरा गावचे साधे, प्लॅस्टिकच्या मुठीचे चाकू याच पद्धतीचे असून जगभर नवशिक्यांना सुचवले जातात. त्यांचे पाते जेमतेम दहा सेंटिमीटरचे आणि अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते.

टाळायचा तो पोकळ मुठीचा चाकू. १९८२ मध्ये आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटानंतर मुठीत काड्यापेटी, सुई-दोरा, वर होकायंत्र अशा चाकूंची लाट आली. स्वस्त नकलांमध्ये पाते मुठीच्या तोंडाशी फक्त नटावर टिकलेले असते. जोर पडला की ते निखळते.

मूठ हातात धरून पाहावी. चारही बोटे नीट मावली पाहिजेत, कुठेही कडा टोचता कामा नये. बोट धारेकडे सरकू नये म्हणून पुढे थोडा उंचवटा असलेला बरा. गुळगुळीत, चकचकीत मूठ घामाने आणि तेलाने घसरते.

पोलाद : साधे की स्टेनलेस?

बाजारातील पोलादांची नावे आणि आकडे गोंधळात टाकतात. पण मुख्य प्रकार दोनच. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन आणि चांगली लागते, मात्र ते गंजते. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्यामुळे ते गंजाला बराच काळ दाद देत नाही.

वऱ्हाडात या निवडीला एक स्थानिक बाजू आहे. इथला उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्यात चिखलदऱ्याचे धुके दिवसचे दिवस हटत नाही. आणि संत्रे, लिंबू, चिंच, टोमॅटो ही आंबट मंडळी कार्बन पोलादावर काही मिनिटांत काळसर डाग पाडतात. हा डाग म्हणजे बिघाड नव्हे. पण चाकू तसाच ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी लाल गंज दिसतो. वापरल्यावर लगेच धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवण्याची सवय असेल तर कार्बन पोलाद घ्यावे. ती नसेल तर स्टेनलेस घ्यावे. पहिल्या चाकूसाठी बहुतेकांना स्टेनलेसच सोयीचे पडते. नुसतेच ‘स्टेनलेस’ लिहिलेला आणि पोलादाचे नाव न सांगणारा चाकू मात्र टाळावा.

गावच्या लोहाराकडून घ्यावा का?

जरूर विचार करावा. आठवडी बाजारात विळे, कुऱ्हाडी, सुऱ्या घेऊन बसणाऱ्या लोहारांकडे पिढ्यांचा अनुभव असतो. अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरले जाते. ते चिवट असते आणि नीट पाणी दिले तर धारही धरते. म्हणून दोन प्रश्न विचारावेत. लोखंड कशाचे आहे? आणि पाणी दिले आहे का? पाणी देणे म्हणजे पाते लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात विझवणे आणि मग पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे. तपासायला धारेजवळ कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर धार कडक आहे, लोखंड खरवडून निघाले तर पाते मऊ आहे.

लोहाराकडून करून घेताना माप कागदावर काढून द्यावे आणि म्यानाची सोय आधीच पाहावी. लाकडी मुठीत ठोकलेले पाते हलत नाही ना, हेही पाहावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये धारदार शस्त्रांचा समावेश आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाची हत्यारे यातही वगळली आहेत. म्हणजे शेतातल्या विळ्याला अडचण नाही, पण ‘कमांडो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा इंची चाकूला ती पळवाट मिळेलच असे नाही. चार इंचांचे पाते या मर्यादेच्या बरेच आत राहते.

मात्र मर्यादेच्या आत आहे म्हणून तो कमरेला लावून बाजारात फिरायचे, असे नव्हे. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार मनाई आदेश निघतात. त्यात शस्त्रांबरोबर चाकू आणि काठ्या बाळगण्यासही बंदी असते. आदेश मोडल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अमरावती शहरात असे आदेश पोलीस आयुक्तालयाकडून निघतात, तर अकोल्यात जिल्हा प्रशासनाकडून. प्रवासाआधी ते पाहून घ्यावेत. चाकू म्यानात, सामानाच्या तळाशी, भांड्याकुंड्यांसोबत ठेवावा. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही.

मेळघाटात नेता येतो का?

इथेच बहुतेकांची चूक होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, सापळे, जाळी यांच्याबरोबर चाकूचाही उल्लेख आहे. तिथे इंचांची मर्यादा नाही. कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही आणि हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातील सर्वसाधारण गुन्ह्यांचा दंड २५ हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढला. कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट अभयारण्य त्याचाच भाग. गाविलगड व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात, तर नरनाळा स्वतःच्याच नावाच्या अभयारण्यात. अकोलेकरांचे जवळचे काटेपूर्णा हेही अभयारण्यच. थोडक्यात, वऱ्हाडातील भटक्यांच्या आवडत्या जागा बहुतांश याच कायद्याखाली येतात. त्यामुळे सफारीला, गडावर किंवा वनविभागाच्या संकुलात मुक्कामाला जाताना चाकू घरी ठेवणे हाच सरळ मार्ग. फळे, भाजी आधीच चिरून डब्यात न्यावीत. न्यायचाच असेल तर संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून लेखी परवानगी घ्यावी. ‘साधा भाजीचा चाकू आहे’ हे उत्तर नाक्यावर उपयोगी पडेल, यावर विसंबू नये.

चाकू जवळ असला तरी जंगलातले लाकूड तोडणे आणि आग पेटवणे हे वेगळे गुन्हे आहेत. परदेशी व्हिडीओंत दिसते तसे चाकूवर दांडका मारून ओंडके फोडणे मेळघाटातील सागाच्या जंगलात करायची गोष्ट नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या पानगळीला एक ठिणगी पुरते. हे कौशल्य शिकायचेच असेल तर स्वतःच्या शेतात, घरच्या वाळलेल्या सरपणावर शिकावे.

धार कशी राखायची?

बोथट चाकू जास्त कापतो, हे खरे आहे. कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. एक हजार क्रमांकाचा धारेचा दगड नेहमीसाठी पुरतो. पाते दगडावर उभे धरावे, म्हणजे काटकोन. तो निम्मा केला की ४५ अंश, पुन्हा निम्मा केला की सुमारे २२. याच कोनात दोन्ही बाजू सारख्या वेळा फिरवाव्यात. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर दहा-वीस वेळा उलट्या दिशेने ओढावे. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला, की धार लागली.

मोटारीच्या चाकावर धार लावून घेत असाल तर पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. धार निळी पडली, तर पोलादाचे पाणी उतरले म्हणून समजावे. त्यानंतर कितीही घासले तरी धार टिकत नाही.

वापरताना काय सांभाळावे?

हात लांब करून फिरवला तर जेवढे वर्तुळ होते, त्यात कुणी नसावे. मांडीवर ठेवून काही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि मुक्कामापासून दवाखाना तासभर दूर असू शकतो. पाते स्वतःपासून दूर चालवावे. दुसऱ्याला देताना हातात देण्यापेक्षा खाली ठेवावे, त्याने उचलावे. काम संपले की लगेच म्यानात. म्यान उलटे करून हलवले तरी चाकू पडता कामा नये, ही तपासणी दुकानातच करावी. कापलेच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधे उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता दवाखाना गाठावा.

आणि एक गोष्ट चाकूने कधीच करू नये. शेतात जागल करताना किंवा तंबूत साप चावला तर जखमेवर चीर देऊ नये, रक्त चोखू नये, करकचून बांधू नये. त्याने विष निघत नाही, जखम मात्र वाढते आणि वेळ जातो. माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

थोडक्यात निवड कशी करावी?

चार इंचांचे, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे, एका बाजूला धार असलेले पाते, भक्कम बसवलेली, न घसरणारी मूठ, घट्ट म्यान, आणि स्वतःला निगा राखता येईल असे पोलाद. एवढे जुळले की नाव कोणते, हा प्रश्न गौण. उरलेल्या पैशांत धारेचा दगड आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. पहिले काही महिने तो घरच्या ओट्यावर आणि शेतातच वापरावा. रोडग्यांच्या पंगतीसाठी चार किलो वांगी त्याने न थकता चिरून झाली, तर चाकू चांगला निवडला असे खुशाल समजावे.