डोनाल्डच्या आईची पत्रे

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी सप्टेंबर १९३३ मध्ये ट्रिप्लेट कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव डोनाल्ड. वडील बीमन हे वकील होते. आई मेरीबाई एके काळी शाळेत इंग्रजी शिकवीत असत. घरात कशाची वाण नव्हती.

डोनाल्ड वर्षाचा होतो न होतो तोच कितीतरी गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणू लागला. दोन वर्षांच्या आत त्याला गावातील पुष्कळ घरांची नावे पाठ झाली. मुळाक्षरे तो सुलट म्हणे तशीच उलटही म्हणे. अशा मुलाचे कोणत्याही घराला कौतुकच वाटावे. परंतु आईबापांच्या मनाला एक काळजी लागून राहिली होती. वडील सायंकाळी घरी परतले तरी हा मुलगा मान वर करून पाहात नसे. हाक मारली तर ओ देत नसे. भांडी, लाकडी ठोकळे, जे जे गोल फिरेल ते ते जमिनीवर गरगर फिरवीत तो तासन्‌तास रमे. आणि त्या नादात कोणी व्यत्यय आणला की रडून आकांत करी.

त्याचे बोलणेही निराळेच होते. त्याला आंघोळ हवी असली म्हणजे तो आईलाच विचारी, ‘तुला आंघोळ करायची आहे का?’ आई हे वाक्य ज्या प्रसंगी बोले, त्या प्रसंगाशी ते त्याच्या मनात जसेच्या तसे जोडले जाई. मग ‘तू’ चा ‘मी’ करावा लागतो हे त्याच्या ध्यानी येत नसे. एकदा वडिलांनी त्याला ‘हो’ म्हणण्यास शिकविण्याचे ठरविले. ‘खांद्यावर बसायचे असेल तर हो म्हण,’ असे त्यांनी सांगितले. डोनाल्ड ‘हो’ म्हणाला आणि खांद्यावर बसला. पुढे कित्येक दिवस ‘हो’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच होता! यात हसण्यासारखे आहे खरे; पण विचार केला तर त्याची चूक कोठे होती? जे शिकविले तेच तो तंतोतंत शिकला होता.

१९३७ साली, चौथे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर मुलांच्या एका आरोग्यगृहात ठेवण्यात आले. महिन्यातून फार तर दोनदा आईबापांना त्याची भेट घेता येई. तेथे तो निश्चल बसून राही. कशाकडेही त्याचे लक्ष नसे. त्याला येथेच राहू द्यावे, असे तेथील प्रमुखांचे म्हणणे पडले. त्या काळी अशा मुलांना घरापासून दूर ठेवून विसरून जाणे हेच शहाणपणाचे मानले जात असे. परंतु वर्षभराने, ऑगस्ट १९३८ मध्ये, ट्रिप्लेट दांपत्याने आपल्या मुलाला घरी परत आणले.

त्यानंतर वडिलांनी मुलाची सारी हकीकत टंकलिखित ३३ पाने भरून लिहिली आणि ती बाल्टिमोर शहरातील लिओ कॅनर नावाच्या बालमानसरोगतज्ज्ञांकडे पाठविली. ऑक्टोबरमध्ये ते डोनाल्डला घेऊन तेथे गेले. कॅनर हे आपल्या विषयात मोठे जाणकार. तरीही असे लक्षण त्यांनी वाचलेल्या कोणत्याच ग्रंथात नव्हते. पुढे त्यांच्या पाहण्यात आणखी अशी मुले आली आणि १९४३ साली त्यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिले नाव डोनाल्डचे होते. या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम म्हणू लागले. मराठीत तिला स्वमग्नता म्हणतात.

स्वमग्नता हा काही संसर्गाने जडणारा रोग नव्हे. मेंदूची घडणच जन्मापूर्वीपासून निराळी होत असते आणि तीत आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. अशा मुलाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव, बोलण्यातील सूर, न बोललेला अर्थ सहज उमगत नाही. रोजचा क्रम बदलला तर तो कासावीस होतो. एखादा आवाज, प्रकाश किंवा कापडाचा स्पर्श त्याला असह्य वाटू शकतो. मात्र एका मुलासारखे दुसरे नसते. कित्येकांना जन्मभर बोलता येत नाही, कित्येकांना प्रत्येक कामी आधार लागतो. आणि डोनाल्डसारखी विलक्षण स्मरणशक्ती तर थोड्यांनाच असते.

मेरीबाई कॅनर यांना वेळोवेळी पत्रे लिहीत. १९३९ च्या सप्टेंबरपासून पुढचे शाळेचे वर्ष त्या घराने कसे काढले, ते या पत्रांवरून कळते. पहिल्या पत्राच्या वेळी डोनाल्ड सहा वर्षांचा झाला होता. आईने आग्रह धरल्याखेरीज आणि हात लावल्याखेरीज तो अजून जेवत नसे, कपडे घालीत नसे. पण तो नळीने फुलझाडांना पाणी घाली, मोटार धुऊ पाही, घरातील वाणसामान मांडून दुकान-दुकान खेळे. मेरीबाईंनी यातले काही फुगवून लिहिले नाही. माणसांविषयी तो कधी एकही प्रश्न विचारीत नाही आणि घरच्या बोलण्याकडे त्याचे लक्ष नसते, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले.

त्या महिन्यांत डोनाल्ड शाळेत जाऊ लागला. पहिला दिवस सर्वांनाच फार जड गेला. दुसरा त्याहून बरा, तिसरा आणखी बरा. ऑक्टोबरच्या पत्रात, तो रांगेत नीट चालतो, विचारले तर उत्तर देतो, असा मजकूर आहे. घरी आल्यावर मात्र शाळेतली एकही गोष्ट तो आपण होऊन सांगत नसे.

नोव्हेंबरचे पत्र शाळेतील एका सकाळचे आहे. बाईंनी फळ्यावर एकेका मुलाचे नाव लिहून, त्याने माशाला खाऊ घालावे, अशी वाक्ये लिहिली. खडू फळ्याला लागताच डोनाल्डचे डोळे तिकडे वळले. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, आपल्या नावाभोवती त्याने वर्तुळ काढले आणि सोनेरी माशाला खाऊ घातले. आनंद झाला की तो मध्येच उड्या मारी. बाईंच्या बोलण्याकडे त्याचे लक्ष निम्माच वेळ होते, हेही पत्रात नमूद आहे. इतर मुलांच्या घरी या गोष्टीचा कोणी उल्लेखही केला नसता. या घरी ती पत्र लिहिण्याजोगी घटना ठरली.

मग १९४० चा मार्च उजाडला. डोनाल्ड आता पुष्कळ बोलू लागला होता, प्रश्नही विचारू लागला होता. एके दिवशी शाळेत नवाच शिकलेला एक खेळ त्याने घरी मांडला. घरातील सर्वांना त्याने त्यात ओढले आणि कोणी नेमके काय करायचे ते एकेकाला समजावून दिले. वर्षानुवर्षे ज्याने वडिलांच्या येण्याकडे मान वळविली नव्हती, त्याने त्या दिवशी सारे घर खेळायला बोलाविले.

यापुढची वाट सरळ होती असे नाही. वरच्या इयत्तांत शाळा त्याला कठीण जाऊ लागली. १९४२ साली आईबापांनी त्याला गावापासून दहा मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. ती साधी माणसे. पण त्यांची युक्ती पाहण्यासारखी होती. मुलाला मोजण्याचे वेड आहे ना, मग त्याला विहीर खणू द्यावी आणि तिची खोली मोजू द्यावी! मक्याच्या ओळी मोजायच्या आहेत, तर नांगर धरून मोजाव्या! १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले, तेव्हा डोनाल्ड घोड्याचा नांगर उत्तम चालवीत होता.

याच सुमारास आणि पुढे १९५० च्या दशकात एक अन्यायाची समजूत पसरली. आईबापांच्या, त्यांतही आईच्या, कोरड्या वागण्याने मुले अशी होतात, असे विद्वान म्हणू लागले. खुद्द कॅनर यांनीही तसे लिहिले होते. असंख्य मातांनी हा दोष उगाच शिरावर वाहिला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून ही समजूत खोडून काढली. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. मेरीबाईंची पत्रे तर कॅनर यांच्या दप्तरातच होती.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, २७ व्या वर्षी मोटार चालविण्यास शिकला, गोल्फ खेळू लागला. आईबाप गेल्यावर तो त्याच घरी एकटा राहिला; एकट्याने देशोदेशी हिंडलाही. गावकऱ्यांनी त्याला आपल्यातलाच मानले. १५ जून २०२३ रोजी, ८९ व्या वर्षी, तो वारला.

फॉरेस्ट गावात त्याची एक आख्यायिका सांगत. शाळेत असताना मुलांनी त्याला विचारले होते, ‘या शाळेच्या दर्शनी भिंतीला विटा किती?’ डोनाल्डने भिंतीकडे एक दृष्टी टाकली आणि तात्काळ मोठा आकडा सांगितला. मुले थक्क झाली. डोनाल्डने एका नजरेत विटा मोजल्या, असे गाव कित्येक वर्षे सांगत राहिले. म्हातारपणी कोणी त्याला त्याविषयी विचारले, तेव्हा त्याने खरे सांगून टाकले. विटा त्याने मोजल्याच नव्हत्या. मनाला येईल तो आकडा ठोकून दिला होता. त्या मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती.