राज्यव्यापी अतिजलद रेल्वे आणि लोकहित : कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा व अनुभवाचा विचार

१. कायद्याची भाषा

एखाद्या सार्वजनिक कामापासून लोकांचे हित होईल असे म्हणणे सोपे असते. ते हित कोणाचे, केव्हा आणि कोणत्या अटींवर, हे सांगणे मात्र कठीण असते. रेल्वेसारख्या विस्तृत व खर्चिक कामाच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. तिचा विचार करण्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण फार उपयुक्त आहे. कारण तेथे लोकहिताची कल्पना कायद्याच्या कलमांत शब्दबद्ध झाली, त्या शब्दांवर मतदान झाले, आणि पुढे त्याच शब्दांच्या अर्थावरून न्यायालयात वादही झाला.

या राज्याच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये अतिजलद रेल्वेसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले. ४ नोव्हेंबर २००८ रोजी मतदारांनी ९ अब्ज ९५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांस सार्वमताने संमती दिली. त्यांपैकी ९ अब्ज मुख्य मार्गासाठी, तर ९५ कोटी त्यास येऊन मिळणाऱ्या इतर रेल्वेसेवांसाठी होते. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर न थांबणाऱ्या गाडीने जास्तीत जास्त २ तास ४० मिनिटांत कापता यावे. गाड्या ताशी २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, इतक्या वेगाने धावू शकाव्यात. एकंदर स्थानके २४ हून अधिक नसावीत. आणि गाड्या चालविण्यासाठी सरकारी अनुदान लागू नये, अशा अटी कायद्यात घातल्या होत्या.

या कलमांतील दोन शब्दप्रयोग विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला ‘राज्यव्यापी’ हा, आणि दुसरा ‘उपयोगक्षम खंड’ हा. मार्गाचा ज्यात किमान दोन स्थानके आहेत असा कोणताही भाग म्हणजे ‘उपयोगक्षम खंड’, अशी व्याख्या कायद्याने केली. कायद्याच्या दृष्टीने ही व्याख्या निर्दोष आहे. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. दोन स्थानकांमध्ये रूळ असले म्हणजे तो भाग उपयोगी ठरतोच असे नाही. त्या स्थानकांच्या पलीकडे प्रवाशास काय उपलब्ध आहे यावर त्याची उपयोगिता अवलंबून असते. गेल्या सतरा-अठरा वर्षांतील बहुतेक अडचणींचे मूळ या अंतरात सापडते.

२. मार्ग खोऱ्यातून नेण्याचे कारण

नकाशा पाहिला असता प्रथम एक शंका येते. दोन्ही महानगरांना जोडणारा सरळ महामार्ग सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेने, विरळ वस्तीतून जातो. रेल्वे मात्र खोऱ्याच्या पूर्व भागातील मर्सेड, फ्रेस्नो व बेकर्सफील्ड या गावांकडे वळविली आहे. त्यामुळे अंतर वाढले, शेतजमीन अधिक लागली आणि दाट वस्तीतून बांधकाम करावे लागले. असे असता हा मार्ग का पत्करला?

याचे उत्तर ‘राज्यव्यापी’ या शब्दात आहे. २०२० च्या जनगणनेनुसार फ्रेस्नोची लोकसंख्या ५ लाख ४२ हजार, तर बेकर्सफील्डची ४ लाख ३ हजार होती. बदाम, द्राक्षे, दूध व कापूस पिकविणारा हा प्रदेश राज्याच्या किनारी भागाच्या तुलनेने गरीब आहे. दोन्ही महानगरांच्या मध्ये असूनही तो दोहोंपासून तुटलेला राहिला आहे. बेकर्सफील्डहून दक्षिणेस जाणारा रेल्वेमार्ग तेहाचापी डोंगरातून वळसे घेत जातो व मालगाड्यांनी इतका व्यापलेला असतो, की उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाशास बेकर्सफील्ड येथे उतरून लॉस एंजेलिसपर्यंतचा पुढचा प्रवास बसने करावा लागतो.

विमान दोन टोके जोडते. मधल्या गावांना त्याचा उपयोग नसतो. रेल्वेचे वैशिष्ट्य असे, की टोकांची सोय करताना तिला मध्यही जोडता येतो. न थांबणाऱ्या गाडीस मधल्या स्थानकांतून पूर्ण वेगाने पुढे जाता यावे, अशी अट कायद्याने घातली तिचा हेतू हाच होता. मधल्या गावांना स्थानक मिळावे, परंतु त्यापायी टोकांच्या प्रवाशांचा वेळ जाऊ नये. याउलट गिलरॉय व मर्सेड यांच्या दरम्यान एकही स्थानक असू नये, असेही कायदा सांगतो; कारण तेथील मोकळ्या डोंगराळ प्रदेशात स्थानकाभोवती नवी वस्ती पसरणे इष्ट नव्हते. स्थानक कोठे असावे याप्रमाणेच ते कोठे नसावे हाही लोकहिताचा प्रश्न आहे, हे येथे दिसून येते.

३. लाभ कसे उत्पन्न होतात

वेग हा या रेल्वेचा ठळक गुण असला, तरी तिचे लाभ पुष्कळ अंशी त्या वेगासाठी कराव्या लागणाऱ्या व्यवस्थेतून उत्पन्न होतात. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या गाडीस तीव्र वळणे चालत नाहीत. वळणाची त्रिज्या कित्येक किलोमीटरांची ठेवावी लागते. अशा मार्गावर रस्ता रुळांच्या पातळीवर येऊन फाटक असणे संभवतच नाही. प्रत्येक रस्ता वरून किंवा खालून न्यावा लागतो. खोऱ्यातील अनेक ठिकाणी बांधलेल्या अशा पुलांवरून नवी गाडी सुरू होण्यापूर्वीच वाहने जाऊ लागली आहेत. जेथे हे पूल शेजारच्या जुन्या रेल्वेमार्गावरूनही जातात, तेथे मालगाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबण्याचे व तेथील अपघातांचे कारणही नाहीसे होते.

दुसरा लाभ हवेसंबंधी आहे. सॅन वाकीन खोरे तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे दूषित हवा तेथे कोंडून राहते. सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ते अमेरिकेतील सर्वांत दूषित प्रदेशांपैकी एक आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीतून धूर निघत नाही. परंतु हा लाभ गाडी धावल्याने आपोआप होत नाही. मोटारीने किंवा विमानाने जाणारा प्रवासी गाडीकडे वळला तरच होतो. पॅरिस-लियाँ मार्ग १९८१ मध्ये व माद्रिद-सेव्हिल मार्ग १९९२ मध्ये सुरू झाल्यावर विमानाचे बहुसंख्य प्रवासी रेल्वेकडे आले, कारण घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा एकूण वेळ रेल्वेने कमी लागू लागला. अर्धाच मार्ग झाला, तर ही तुलना रेल्वेस प्रतिकूल ठरते.

तिसरा लाभ कामधंद्याच्या कक्षेचा होय. फ्रेस्नोहून सॅन होजे एका तासाच्या आसपास गाठता आले, तर तेथील रहिवाशास घर न सोडता किनाऱ्यावरील विद्यापीठ, रुग्णालय किंवा नोकरी यांचा लाभ घेता येईल. हाही लाभ जोडणीवर अवलंबून आहे. पाचेको खिंडीखालील २१ किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा होईपर्यंत फ्रेस्नो व सॅन होजे ही एका सलग मार्गावर येत नाहीत.

४. विलंब व खर्चवाढ यांची कारणे

२००८ मध्ये पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३३ अब्ज डॉलर सांगितला गेला होता. २०२४ च्या योजनेत तो ८९ ते १२८ अब्जांच्या दरम्यान धरला आहे. एवढी वाढ पाहून मूळ कल्पनाच चुकीची होती, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा आहे. जपानच्या तोकाइदो मार्गाचा खर्चही अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, व त्यापायी जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना १९६३ मध्ये पद सोडावे लागले. तथापि १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेला तो ५१५ किलोमीटरांचा मार्ग पुढे साऱ्या जगास आदर्श ठरला. पण त्याचे बांधकाम १९५९ मध्ये सुरू होऊन साडेपाच वर्षांत संपले. कॅलिफोर्नियात ६ जानेवारी २०१५ रोजी फ्रेस्नो येथे कामाचा समारंभपूर्वक आरंभ झाला, आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी प्रवासी गाडी धावलेली नाही. खर्चाहून काळाचा हा फरक अधिक बोलका आहे.

त्याचे पहिले कारण निधीच्या अनिश्चिततेत आहे. कोणत्याही खंडाच्या बांधकामखर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा कर्जरोख्यांतून देऊ नये, असे कायद्याने ठरविले. उरलेला वाटा कोण देणार, हे मात्र निश्चित झाले नव्हते. प्रवासाचा वेळ कायद्यात मिनिटांपर्यंत सांगितला गेला. तो ज्याच्या बळावर साधावयाचा त्या पैशाचा मार्ग मोघम राहिला. केंद्र सरकारने मंदीनिवारणाच्या योजनेतून पैसा दिला, परंतु तो सप्टेंबर २०१७ अखेर खर्च करण्याचे बंधन घातले. २०१९ मध्ये सुमारे ९३ कोटी डॉलरचे अनुदान काढून घेतले गेले, २०२१ मध्ये ते परत मिळाले, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य पुन्हा रद्द झाले.

दुसरे कारण पहिल्यातूनच निघते. मुदतीच्या आत पैसा खर्च व्हावा म्हणून जमीन पूर्णपणे हाती येण्यापूर्वीच बांधकामाचे करार झाले. नोव्हेंबर २०१८ च्या अहवालात राज्याच्या लेखापरीक्षकांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. ठेकेदार तयार, पण शेत ताब्यात नाही. खांब उभारावयाचा, पण खालील जलवाहिनी हलविलेली नाही. अशा स्थितीत काम थांबते आणि भरपाईचा बोजा सरकारवर येतो. किंग्ज काउंटीतील जमीनमालकांनी २०११ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात २०१३ साली निकाल प्राधिकरणाविरुद्ध गेला. २०१४ मध्ये अपिलात तो फिरविला गेला. या शेतकऱ्यांचा आक्षेप क्षुल्लक मानणे योग्य होणार नाही. ज्याच्या बदामाच्या बागेचे रुळांमुळे दोन तुकडे होतात, त्याच्या बाबतीत हानी आजची व निश्चित असते, तर लाभ दूरचा व इतरांचा असतो. काम लांबले म्हणजे हा अन्याय अधिकच तीव्र होतो.

५. पूर्ण झालेल्या एका भागाचा अनुभव

या साऱ्या निराशाजनक वृत्तात एक अपवाद आहे. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा १८६४ मध्ये खुला झालेला जुना रेल्वेमार्ग पुढेमागे अतिजलद गाड्यांसही वापरता यावा, म्हणून त्याच्या विद्युतीकरणासाठी ६० कोटी डॉलर त्याच कर्जरोख्यांतून दिले गेले. २१ सप्टेंबर २०२४ रोजी तेथे ‘कॅलट्रेन’च्या विजेच्या गाड्यांची पूर्ण सेवा सुरू झाली. पूर्वीच्या डिझेल गाडीत एकच इंजिन सारे डबे ओढीत असे. नव्या गाडीत मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या असल्यामुळे ती लवकर वेग घेते. सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाडीस पूर्वी सुमारे १०० मिनिटे लागत, ती आता सुमारे ७५ लागतात; शनिवार-रविवारी तासाने येणारी गाडी अर्ध्या तासाने येऊ लागली; आणि प्रवाशांची संख्या लक्षणीय वाढली.

या गाड्या अतिजलद नाहीत. तरीही लाभ ताबडतोब दिसून आला, याचे कारण स्पष्ट आहे : मार्ग अस्तित्वात होता, दोन्ही टोकांना शहरे होती, आणि शहरांत पुढे नेणारी वाहतूक होती. याच्या उलट, खोऱ्यात उभारला जात असलेला १९१ किलोमीटरांचा पहिला भाग बांधकामाच्या दृष्टीने कितीही उत्तम झाला, तरी त्याची टोके मदेरा व शाफ्टर या लहान गावांपाशी संपतात. म्हणूनच तो मर्सेड व बेकर्सफील्डपर्यंत वाढविण्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणाने त्याहूनही पुढे, गिलरॉय ते पामडेल असा पर्याय विचारासाठी मांडला. गिलरॉय येथे सॅन होजेकडे, व पामडेल येथे लॉस एंजेलिसकडे जाणारी उपनगरी गाडी मिळते. ‘उपयोगक्षम’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ अशा रीतीने सतरा वर्षांनी कायद्यातील व्याख्येच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने उत्सर्जन-परवान्यांच्या लिलावातून प्रतिवर्षी १ अब्ज डॉलर २०४५ पर्यंत देण्याचे ठरविले. सुरुवातीपासून जे नियमित उत्पन्न हवे होते, ते अशा प्रकारे उशिरा का होईना, मिळू लागणार आहे.

६. निष्कर्ष

वाक्यातील सुटा शब्द अर्थास पारखा असतो असे नाही. परंतु काय सांगावयाचे ते वाक्य पूर्ण झाल्यावाचून कळत नाही. रेल्वेच्या खंडांचेही तसेच आहे. लोकहिताचा हिशेब करताना वेगाचा आकडा शेवटी आणि जोडणीचा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे : प्रवासी स्थानकापर्यंत कसा येईल, उतरल्यावर पुढे कसा जाईल, आणि मधल्या भागातील माणसास गाडीत चढता येईल काय?

महाराष्ट्रातील वाचकास हे प्रश्न परके नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये पायाभरणी झालेल्या ५०८ किलोमीटरांच्या मुंबई-अहमदाबाद मार्गावर या राज्यात वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार व बोईसर अशी चार स्थानके नियोजित आहेत. दोन महानगरांमधील वेळ किती वाचला, हे घड्याळ सांगेल. पालघर जिल्ह्यातील ज्या गावांनी त्यासाठी जमीन दिली, तेथून बोईसर स्थानकापर्यंत किती बसगाड्या जातात, आणि त्या गाडीचे तिकीट तेथील किती लोकांस परवडते, हे मात्र मुद्दाम मोजावे लागेल.