अर्ध्या सेकंदाची शंका

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासातील एखादा विषय घ्यावा असेच आमच्या मनात होते. परंतु २०२५च्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या संगणक कक्षात जे बदल झाले, त्यांनी आम्हांला वेगळ्याच वाटेला नेले. कक्षातील बहुतेक संगणक आठ-दहा वर्षांपूर्वीचे. त्यांतील काही माजी विद्यार्थ्यांनीच भेट दिलेले. त्यांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली चालत असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. जुन्या आवृत्तीचा आधार केव्हा तरी थांबतोच, त्यात वावगे काही नाही. मात्र पुढील आवृत्तीला, विंडोज ११ला, एक विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आमची यंत्रे धडधाकट होती, पण त्या अटीत बसत नव्हती. अखेर पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने दोन रविवार खर्ची घालून त्यांवर लिनक्स बसवून दिले. खर्च आला तो त्याच्या एस.टी.च्या तिकिटाचा, आणि तोही त्याने आमच्याकडून घेतला नाही.

पुढे पालकसभेत एका पालकांनी प्रश्न केला : “सर, हे फुकट मिळतं, आणि आतली सगळी रचना जगाला दिसते, असं तुम्ही म्हणता. मग ती चोराला नाही का दिसणार?” प्रश्न इतका रास्त होता की, त्याचे उत्तर त्या सभेत आम्हांला नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, इतिहासाचे शिक्षक आहोत, हे आरंभीच नमूद करतो.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते पाहू. संगणकाला काम सांगणाऱ्या सूचनांची मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड. बहुतेक कंपन्या ही संहिता गुप्त ठेवतात आणि ग्राहकाला केवळ तयार आज्ञावली वापरायला देतात. या पद्धतीला पर्याय उभा करावा म्हणून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, इतरांना द्यावी, हे त्यामागील सूत्र. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा स्वतः लिहून सर्वांसाठी खुला केला. १९९२ साली त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या परवान्याची अट मोठी न्याय्य आहे : घ्या, सुधारा, हवे तर विकाही, परंतु सुधारलेली आज्ञावली दुसऱ्याला देताना तिची संहिताही त्याला द्यावी लागेल. जे सर्वांचे म्हणून मिळाले, ते पुढेही सर्वांचेच राहिले पाहिजे.

या एका अटीवर केवढा डोलारा उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतो. केरळमधील सरकारी शाळांचे संगणकशिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त आज्ञावलींवर चालू आहे, आणि त्यासाठी ‘काइट’ ही तेथील राज्य शासनाची संस्था लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक टप्प्याटप्प्याने मुक्त आज्ञावलींवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. खुद्द गाभ्यातही सुधारणा चालूच आहेत. डिसेंबर २०२२मध्ये त्यात ‘रस्ट’ या संगणकीय भाषेला प्रवेश मिळाला. स्मृतीच्या हाताळणीतील अनेक घातक चुका या भाषेत मुळातच टळतात. कारखान्यातील यंत्राला ठरलेल्या क्षणी हमखास प्रतिसाद मिळावा, यासाठीचे सुमारे वीस वर्षे चाललेले काम २०२४मध्ये मुख्य गाभ्यात पूर्णपणे सामावले गेले.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर २०२४ सालच्या एका घटनेत आहे.

‘एक्सझेड’ नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. मोठ्या फाइली आकाराने लहान करणे एवढेच तिचे काम. घराच्या पायातील दगडाप्रमाणे ती कुणाच्या नजरेस पडत नाही, परंतु लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत ती असते. फिनलंडमधील लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे तिची देखभाल करीत होते. हे काम विनामोबदला, आपला रिकामा वेळ देऊन चालले होते.

२०२१ साली ‘जिया टॅन’ असे नाव लावणारी एक व्यक्ती या कामात मदत करू लागली. तिच्या सुधारणा उपयोगी असत, वागणे नम्र असे. २०२२ साली काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर तगादा सुरू झाला : काम फार संथ चालले आहे, तुम्हांला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. आपल्या मानसिक आरोग्याच्या जुन्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असे कॉलिन यांनी त्यांना मोकळेपणाने सांगितले. तरीही तगादा थांबला नाही. दमलेल्या माणसाने मदतीला आलेल्या हातावर विश्वास ठेवला, आणि हळूहळू जिया टॅनकडे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार आला. तगादा लावणारी ती नावे त्यानंतर या कामात पुन्हा दिसली नाहीत. जिया टॅन कोण, एक माणूस की अनेकांचा गट, हे आजतागायत उघड झालेले नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन आवृत्त्यांत या व्यक्तीने एक चोरदरवाजा बसविला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. दूरच्या संगणकात प्रवेश देणारी ‘एसएसएच’ नावाची एक व्यवस्था असते. तिला आपण द्वारपाल म्हणू. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत हा द्वारपाल आडवळणाने एक्सझेडचा एक भाग वापरीत असे. नेमके हेच हेरून द्वारपालाच्या तपासणीत असा बदल घडविण्यात आला की, एका विशिष्ट गुप्त किल्लीचा धनी आला तर त्याला मुकाट आत सोडावे आणि त्याची आज्ञा पाळावी. ही किल्ली रचणाऱ्याखेरीज कुणाजवळ असणे शक्य नव्हते.

मग सर्वांच्या डोळ्यांदेखत हे घडले कसे? चोरदरवाजाचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फाइलींत दडविला होता. अशा फाइली मुद्दाम बिघडविलेल्याच असतात, त्यामुळे त्या वाचून कुणाला काही कळत नाही. आणि तो भाग बाहेर काढून जागेवर बसविणारी ओळ सर्वांनी वाचावी म्हणून ठेवलेल्या संहितेत नव्हतीच! ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते. मूळ प्रत एक आणि प्रचारातील प्रत दुसरी, आणि दोन्ही ताडून पाहण्याचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. बनावट कागदपत्रांना शतकानुशतके जी फट सापडत आली, ती हीच.

हा कट उघड झाला तो एका जिज्ञासू माणसामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे सॅन फ्रान्सिस्को येथील अभियंते ‘पोस्टग्रेस’ या मुक्त माहितीकोशावर काम करतात. आपल्या कामाचा वेग मोजण्यासाठी त्यांना संगणक अगदी शांत हवा होता. तेव्हा चुकीच्या नावाने प्रवेश मागणाऱ्यांना परतवून लावतानाही द्वारपाल गरजेपेक्षा जास्त शक्ती खर्च करतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मोजून पाहता, जेथे सुमारे ०.३ सेकंद लागत तेथे ०.८ सेकंद लागत होते. फरक अवघ्या अर्ध्या सेकंदाचा. आपल्यापैकी कुणीही तो सोडून दिला असता. फ्रॉइंड यांनी सोडला नाही. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका चाचणीत आलेला विचित्र इशारा त्यांना आठवला. धागा ओढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व पुरावा जगापुढे ठेवला.

तोवर दूषित आवृत्ती डेबियन, फेडोरा इत्यादींच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांत शिरली होती. जगभरचे सर्व्हर ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात तेथे ती अद्याप पोहोचायची होती. धोक्याच्या मोजमापात तिला १०पैकी १० गुण मिळाले. लगोलग ती मागे घेण्यात आली. उबुंटूने आपली येऊ घातलेली चाचणी आवृत्ती एक आठवडा पुढे ढकलली. कॉलिन यांनी काम पुन्हा हाती घेतले, सारी संहिता तपासली आणि मे महिन्याच्या अखेरीस स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.

आता उत्तराकडे येऊ. होय, खुली रचना चोरालाही दिसते. जिया टॅन आत शिरू शकला तो दार सर्वांना उघडे होते म्हणूनच. परंतु फ्रॉइंड त्याच्या मागावर शेवटपर्यंत जाऊ शकले, तेही दार त्यांना उघडे होते म्हणून. ते एक्सझेडचे कर्मचारी नव्हते, कुणी त्यांना चौकशी अधिकारी नेमले नव्हते. संहिता बंद पेटीत असती तर त्यांना मंदगतीची तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहावी लागली असती.

तथापि या आनंदात एक गोष्ट विसरता कामा नये. पुष्कळ डोळे पाहत असले की कोणताही दोष लपत नाही, असा मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांचा फार दिवसांचा विश्वास आहे. तो अर्धाच खरा आहे. वाचण्याची मुभा सर्वांना असते. वाचणारे मात्र थोडे असतात. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला, तो दोन वर्षे सर्वांसमोर असूनही कुणाला दिसला नव्हता. सार्वजनिक विहिरीचे पाणी गावभर भरते. गाळ काढायची वेळ आली की तेच चार जण उतरतात, आणि उशीर झाला तर बोलणीही त्यांनाच खावी लागतात. कॉलिन यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. जिया टॅनने आधी गैरफायदा घेतला तो त्यांच्या थकव्याचा. संहितेतील फट त्यानंतरची.

सुदैवाने याची जाण वाढत आहे. जर्मन सरकारने अशा पायाभूत आज्ञावलींची देखभाल करणाऱ्यांना मोबदला देण्यासाठी २०२२ सालीच निधी उभारला होता. सर्वांना दिसणाऱ्या संहितेपासून वितरणातील आज्ञावली जशीच्या तशी पुन्हा तयार करून दोन्ही ताडून पाहण्याच्या पद्धतीचा आग्रहही वाढला आहे. मूळ प्रत आणि नक्कल पडताळण्याची आमच्या विषयातील जुनी शिस्त अभियंतेही पाळतात, हे पाहून आम्हांला समाधान वाटले.

आपल्यापुरते काय? आमच्या कक्षातील दोन संगणकांवर आम्ही जाणीवपूर्वक विंडोजच ठेवले आहे, कारण काही कामे आणि काही जुनी यंत्रे तिच्याखेरीज चालत नाहीत, आणि मुलांना दोन्ही यायला हवे. परंतु उरलेल्या संगणकांवर आमची मुले जे वापरतात, ते हजारो अनोळखी माणसांच्या श्रमाचे फळ आहे. लिबरऑफिसच्या मराठी पडद्यावरील शब्द कुणीतरी बसून भाषांतरित केले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतो. हे ऋण फेडण्यासाठी सर्वांनीच संगणकतज्ज्ञ होण्याची गरज नाही. चुकलेला मराठी शब्द दिसला तर कळवावा, बिघाड आढळला तर त्याची नीट नोंद पाठवावी, जमल्यास थोडी आर्थिक मदत करावी, आणि तेही नसेल तर फुकट मिळणाऱ्या कामाबद्दल दमलेल्या माणसावर निदान तगादा लावू नये. माहिती तंत्रज्ञानात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना विशेष विनंती की, महिन्यातील एखादा तास अशा एखाद्या दुर्लक्षित प्रकल्पाला द्यावा.

या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही ही हकिकत सांगितली. तास संपल्यावर एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, “सर, आपल्या चौथ्या नंबरच्या संगणकाला पण सुरू व्हायला जास्त वेळ लागतो.” आम्ही जाऊन पाहिले. आत धूळ साचून पंखा अडकला होता, एवढेच. धूळ झटकली, पंखा फिरू लागला. मात्र तिने तो फरक पाहिला, मनात ठेवला आणि येऊन सांगितला. तिचे नाव आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि आठवडाभर पुसू दिले नाही.